पाळण्यातला पार्वो

"मॅडम, जमिनीवर पाय टेकू दिला नाय त्याचा. आईशप्पथ!"

प्रशांत म्हात्रे टेबलापलीकडे उभा राहून शपथा घेत होता आणि टेबलावर त्याचं पिल्लू आडवं पडलं होतं. लॅब्राडोरचं, दोन महिन्यांचं, बिस्किटी रंगाचं. पहिल्या लसीला आलं तेव्हा याच टेबलावर त्याने माझा स्टेथोस्कोप चावून काढला होता. आता ते मान उचलत नव्हतं. प्रशांतच्या बायकोने, सुप्रियाने, ज्या टॉवेलात त्याला गुंडाळून आणलं होतं तो मागच्या बाजूने लाल झाला होता.

मला तपासायचीही गरज नव्हती. दारातच वास आला होता. गंजलेलं लोखंड आणि कुजलेलं मांस एकत्र केलं तर जसा येईल तसा. आमच्या धंद्यात हा वास एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"परवा उलटी झाली," सुप्रिया म्हणाली. "आम्हाला वाटलं दात येतायत. दहीभात दिला."

"मग?"

"मग जुलाब लागले. डाळिंबाच्या सालीचं पाणी पाजलं."

"म्हणजे दोन दिवस घरीच ठेवलंत."

"घरात सगळे बोलले, लहान पोरांचं होतं असं."

सानपाड्यात माझं क्लिनिक आहे. पंचवीसेक वर्षं कुत्र्या-मांजरांची डॉक्टर म्हणून इथेच बसते. म्हात्रे इथल्या गावठाणातले. आजोबांची खाडीकाठी शेती होती. ती गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. गावातल्या जुन्या घराच्या जागी आता चार मजली बिल्डिंग आहे. वर भाडेकरू, खाली हॉल, आणि प्रशांतचं रेती-सिमेंटचं दुकान. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

टेस्ट केली. कोविडच्या वेळी घरोघरी जी पट्टी होती तशीच आमच्याकडेही असते, फक्त नमुना नाकातून नाही, शीच्या जागेतून घ्यायचा. दोन लाल रेघा लगेच उमटल्या.

"पार्वो आहे," मी म्हटलं.

पार्वो हा विषाणू. पिल्लाच्या आतड्याचं आतलं अस्तर तो सोलून काढतो. पिल्लू खाऊ शकत नाही, पाणी टिकत नाही, रक्ताचे जुलाब होतात. शिवाय रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तो मारतो. थेट त्या विषाणूला मारणारं औषध आमच्या कपाटात नसतं. सलाईन लावायचं, उलट्या थांबवायच्या, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं, अंग गरम ठेवायचं आणि पिल्लाचं शरीर स्वतः उभं राहतंय का ते बघायचं. लवकर आणलं तर बरीच वाचतात. दहीभात खाऊन आलेली कमी वाचतात.

आणि तेव्हा प्रशांत ते वाक्य बोलला, जे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

"पण मॅडम, इंजेक्शन तर तुमीच दिलेलं ना! सेव्हन-इन-वन! मग कसा काय झाला?"

या सेव्हन-इन-वनने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. लोकांना वाटतं, सात आजार, एक सुई, विषय संपला. सोसायट्यांमध्ये तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखी चढाओढ असते. आमच्याने सेव्हन घेतलं, यांच्याने नाइन घेतलं. अहो, आकड्याला काय चाटायचंय? त्या लसीतले खरे महत्त्वाचे आजार मोजके. पार्वो. डिस्टेंपर, ज्याच्यात पिल्लाला आधी सर्दी होते आणि मग झटके येतात. आणि यकृतावर जाणारा अ‍ॅडिनो. ही लस प्रत्येक पिल्लाला हवीच, मग ते सातव्या मजल्यावर राहो नाहीतर बंगल्यात. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर जागोजागी मुतून ठेवतात ते बघता त्यातून पसरणाऱ्या लेप्टोची लसही मी हवीच म्हणते. रेबीज वेगळी सुई, तीही हवीच. उरलेले आकडे बाटलीवर भारदस्त दिसतात.

आणि एका सुईने काम होत नाही. का होत नाही, ते नीट ऐका, कारण कोणी ऐकत नाही.

पिल्लू आईचं पहिलं दूध पितं तेव्हा आईची प्रतिकारशक्ती त्याला उसनी मिळते. ही उसनी शक्ती म्हणजे गेटवरचा जुना वॉचमन समजा. तो रोगाला आत सोडत नाही, पण लसीलाही सोडत नाही. लस म्हणजे कमजोर केलेला विषाणूच, त्याला काय फरक कळणार! तो तिलाही गेटवरूनच हाकलतो आणि पिल्लाचं शरीर काहीच शिकत नाही. हळूहळू हा वॉचमन नोकरी सोडून जातो. पण नेमका कुठल्या आठवड्यात, ते कोणालाच ठाऊक नसतं. एका आईच्या दोन पिल्लांतही फरक पडतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरुवात करून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा लस देतो. त्यातली एक तरी बरोबर वेळेला आत जाते. मग पुढे सहा महिने ते वर्षाच्या आत अजून एक. तोपर्यंत पिल्लू उघड्यावर आहे असं समजायचं. एक डोस झालेलं पिल्लू म्हणजे लस झालेलं पिल्लू नव्हे.

हे सगळं मी प्रशांतला पहिल्या डोसच्या दिवशी सांगितलं होतं. हातवारे करून, वॉचमनसकट. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याजवळ न्यायचं नाही. तो म्हणाला होता, "एकदम बरोबर, मॅडम."

पिल्लाला आतल्या वेगळ्या खोलीत नेलं. शीर दोऱ्याएवढी झाली होती. सुई कशीबशी लागली, सलाईन सुरू झालं. मी बाहेर आले.

"हे दुसऱ्या कुठल्या कुत्र्याजवळ गेलं होतं का?"

"नाय," प्रशांत म्हणाला. फारच पटकन म्हणाला. "तो आख्खा टाइम पाळण्यातच होता."

"पाळण्यात?"

सुप्रियाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने भिंतीवरच्या जंतांच्या पोस्टरकडे बघितलं. मग सुप्रियाने मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

बारसं. त्यांनी पिल्लाचं बारसं केलं होतं. खालच्या हॉलमध्ये झेंडूच्या माळा, मधोमध लाकडी पाळणा, म्हात्र्यांची सगळी पोरं ज्यात वाढली तोच. त्यात झबलं-टोपरं घातलेलं हे पिल्लू. पंगत मांडलेली. पुढच्या फोटोत प्रशांतची बहीण वंदना पाळण्यात वाकून पिल्लाच्या कानात नाव सांगतेय. काजू. बारशात नाव आत्या ठेवते, तो तिचा मान. आणि त्याच्या पुढच्या फोटोत पाळण्यात दोन पिल्लं होती. एक काजू. दुसरं तसंच, पण डोळे अर्धे मिटलेले, मान खाली गेलेली. फोटोतसुद्धा मला ते आजारी दिसलं. हॉलभर माणसं होती, कोणालाच दिसलं नसेल?

"हा कोण?"

"त्याचा भाऊ. वंदनाच्या कुत्रीचीच पिल्लं ना दोघं. वंदनाला मोऱ्याला दिलीय, उरणला. एक तिनी ठेवला, एक आमाला दिला."

"मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या कुत्र्याजवळ नाही!"

"मॅडम, तो दुसरा कुठं? सख्खा भाऊ हाय!"

मी कपाळावर हात मारला नाही, टेबलावर मारला. स्टीलचा ट्रे खाली पडला. बाहेर बसलेल्या मांजरवाल्या बाई दचकून उभ्या राहिल्या.

"प्रशांत, विषाणूला नाती कळतात का? तो काय, घरचा-बाहेरचा बघून चावतो?"

"मॅडम, पन खाली सोडला नाय कोनी. या मांडीवरून त्या मांडीवर..."

"त्या सगळ्या मांड्यांवर तो भाऊ बसला होता का आधी?"

प्रशांत पुन्हा जंतांच्या पोस्टरकडे वळला.

"तो कसा आहे आता?"

"बरा हाय."

"खोटं कशाला बोलता?" सुप्रिया एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मेला तो. बारशानंतर लगेच मेला."

मी केसपेपर पुढे ओढला. काजूला पार्वो झाला हे तर पट्टीनेच सांगितलं होतं. प्रश्न त्याचा नव्हता. "बारशाला आणखी कोणाची पिल्लं होती?" मी विचारलं.

"वरच्या जाधवांची हाय एक. भाडेकरू हायत आमचे. गावठी पिल्लू, रस्त्यावरून उचललेली."

"तिला लस?"

"नाय अजून. दोघं नोकरीवाले, टाइम नाय मिलत बोलले."

"त्यांना आत्ता फोन करा. सांगा, बारशाला पार्वो होता, पिल्लू घेऊन लगेच या."

प्रशांतने फोन खिशातून काढला नाही. उलट वरून खिसा दाबून धरला, जसं मी तो हिसकावून घेणार होते.

"मॅडम, तसं नाय सांगता येत. गावात काय बोलतील? बारशाला बोलावला नि आजार दिला. वंदनाच्या नावानी बोंब होईल. तिच्या सासरी कललं तर तिला टोमने खावे लागतील."

"आणि ते पिल्लू मेलं तर?"

"मी संध्याकाली समजावून सांगतो. बरोबर सांगतो. टेन्शन नका घेऊ."

"नंबर द्या, मी करते."

"तुमी नका पडू यात, मॅडम. घरची गोष्ट हाय."

जाधव माझ्याकडे कधी आले नव्हते. मला ना त्यांचा नंबर ठाऊक, ना चेहरा. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. प्रशांतने सगळं खाली मान घालून ऐकलं आणि खिसा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी काजूच्या आधी तेच विचारलं. "सांगितलंत?"

"जाधव गावाला गेलेत."

"दोघं नोकरीवाले, मधल्या वारी गावाला गेले?"

"मॅडम, काजू कसा हाय?"

काजू वाईट होता. उलट्या जरा थांबल्या होत्या, पण रक्त थांबत नव्हतं. अंग गार पडत होतं. गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवल्या होत्या. मी हात लावला की शेपटीचं टोक हलवायचा, एवढंच. मी ते प्रशांतला सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही. राग आला की माझं असंच होतं, लोकांना वाटतं मी रडतेय.

दुपारी वंदना आली. मोऱ्याहून एकटी; सुप्रियाने सकाळी तिला बोलावून घेतलं होतं. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात पिशवी. प्रशांत तिथेच बाकावर बसला होता, तो ताडकन उठला. "तू कशाला आलीस?"

मी तिच्याचसाठी सकाळपासून तयार होते. एक शब्द बोलू न देता मी सुरू झाले. आजारी पिल्लू घेऊन समारंभाला येतात का? एवढा कसला मान? ते मेलं तेव्हा तरी फोन करायचा होता! तुमच्या कुत्रीला आयुष्यात एक तरी लस दिलीय का? आईलाच लस नसेल तर दुधातून पिल्लाला काय मिळणार, खडखडाट? बाकावरची सगळी मंडळी कुत्री-मांजरं सांभाळत ऐकत होती.

वंदनाने पिशवी खाली ठेवली. "बोलून झाला?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग आता माजा आयका. त्या दिवशी सकाली मी याला फोन केलेला. बोलली, पिल्लाला हगवन लागलीय, मी येत नाय. हा बोलतो, आत्या नाय तर नाव कोन ठेवनार? तुजा मान हाय, लोक नावं ठेवतील. बोलली, पिल्लाला एकला कसा ठेवू? तर बोलतो, घेऊन ये, गाडी पाठवतो. पाठवली याने गाडी. नि पिल्लू मेला तवा बी फोन केला मी. हा बोलतो, कोनाला सांगू नको, तुजंच नाव खराब व्हईल." ती भावाकडे वळली. "माज्या नावाची लय कालजी ना तुला?"

प्रशांतने पुन्हा खिसा दाबून धरला. आणि मी, जी तासन्‌तास बोलू शकते, चुकीच्या माणसाला बोलून बसले होते. तिच्यासाठी साठवलेला सगळा राग आता कुठे न्यायचा ते कळेना. मग कळलं. मी प्रशांतकडे बघितलं.

"हिला जाधवांचं सांगितलंत?" मी विचारलं.

"कोन जाधव?" वंदना म्हणाली.

मी सांगितलं. दोन वाक्यांत. तिने हात पुढे केला. "नंबर लाव."

"ताई, इथं नको..."

"लाव बोलली ना!"

त्याने लावला. तिने फोन हातात घेतला, स्पीकर चालू केला आणि आख्ख्या वेटिंग रूमसमोर, मासळीबाजारात ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "मी प्रशांतची बहीन, मोऱ्याची. बारशाला नाव ठेवला ती. त्या दिवशी माज्या पिल्लाला आजार व्हता. तो मेला. हितं काजू झोपलाय. माज्याच पिल्लापासून लागला. तुमची पिल्ली आताच्या आता उचला नि डॉक्टरीनबायकडे आना."

पलीकडून एका तरुण बाईचा घाबरलेला आवाज आला. "अहो, ती सकाळपासून खात नाहीये! प्रशांतदादांना जिन्यात विचारलं मी, तर म्हणाले उन्हामुळे असेल."

मी प्रशांतला काही बोलले नाही. बोलले असते तर हात उचलला गेला असता. वंदनाने फोन बंद केला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता बारशाला आलेला एकेक नंबर लाव. ज्याच्या घरात कुत्रा हाय तो." तिने सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाला तेच वाक्य. माज्याच पिल्लापासून लागला. दर वेळी ते ऐकताना प्रशांत थोडा थोडा लहान होत गेला आणि ती तसूभरही झाली नाही.

जाधवांची पिल्ली घाईघाईने आली. ती अजून चालत होती. एक उलटी झाली होती, जुलाब सुरू व्हायचे होते. पट्टीवर दोन रेघा आल्या, पण आमच्या हातात वेळ होता. तिला सलाईन लागलं ते चांगल्या जाड शिरेत.

काजू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. वंदना त्याच्याजवळ स्टुलावर बसली होती. ती मोऱ्याला परत गेलीच नव्हती. शेवटी तिने कानाशी वाकून त्याला नावाने हाक मारली. त्याने शेपूट हलवलं नाही.

प्रशांत ढसाढसा रडला. "नशीब, मॅडम," म्हणाला. खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, आली नाही. मी म्हटलं, "नशीब म्हणू नका. तुम्ही गाडी पाठवली होती." सुप्रियाने मला गप्प करायला हात वर केला आणि मग तसाच खाली घेतला.

जाताना मी त्यांना शेवटचं काम सांगितलं. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, फरशीवर, चपलांच्या तळाला, लाकडाच्या फटीत. झबलं-टोपरं जाळा. फरशी आधी घासून धुवा, मग ब्लीचच्या पाण्याने पुसा. पाळणा फेकून द्या. आणि लसींचा पूर्ण कोर्स न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नका. प्रशांत पाळण्यावर अडला, तीन पिढ्यांचा आहे म्हणून. वंदना म्हणाली, "मी फोडते." तिने फोडला, असं सुप्रियाने नंतर सांगितलं.

जाधवांची पिल्ली वाचली. आता सानपाडा स्टेशनच्या रस्त्यावर लोकांच्या पिशव्या हुंगत फिरते. तिचे सगळे डोस झालेत.

वंदनाने मोऱ्यात आधी आपल्या कुत्रीला लस दिली, मग आळीतल्या कुत्र्यांच्या मालकांच्या मागे लागली. जो "बगू" म्हणेल त्याला ती काजूची गोष्ट सांगते आणि सुरुवात माज्याच पिल्लापासून लागला अशीच करते, असं मला उरणच्या एका डॉक्टरांनी सांगितलं.

बऱ्याच महिन्यांनी म्हात्र्यांनी दुसरं पिल्लू घेतलं. कोर्स संपेपर्यंत ते बेलापूरला सुप्रियाच्या माहेरी ठेवलं. प्रत्येक डोसला तीच घेऊन यायची. प्रशांत गाडीतच बसून राहायचा. मी काच खाली करायला सांगितली नाही आणि त्याने केली नाही.

शेवटचा डोस झाला त्या दिवशी वंदनाचा फोन आला.

"डॉक्टरीनबाय, बारशाची तारीख पायजे."

"मला काय विचारता? भटजींना विचारा."

"त्यांना इचारला तर ते उद्याची देतील. तुमी सांगा."

मी दोन आठवड्यांनंतरची दिली. बारसं झालं, नव्या पाळण्यात. मी गेले होते. हॉलच्या दारात उभी राहून आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे डोस विचारले. दोघांना पायरीवरूनच परत पाठवलं. त्यातला एक प्रशांतच्या साडूचा होता. प्रशांतने तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघून मिटलं. मग त्याने मला घुगऱ्यांची वाटी आणून दिली. मी खाल्ल्या. राग गेला नव्हता, पण घुगऱ्या चांगल्या होत्या.

तेव्हा पिल्लाचं बारसं जरूर करा. शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी करा. आत्या तेवढं थांबतात. थांबत नाहीत ते बाप आणि त्यांच्या गाड्या.